बधिरपणा उतरेपर्यंत

“तीन बैठका लावा ना डॉक्टर. निदान दोन तरी,” ओफेलिया दाराआडून हळूच म्हणाली.

डॉक्टर बुस्तामांते हातमोजे चढवत होते. दाताच्या मुळांचे ते खास डॉक्टर. दर गुरुवारी मेहिकाली शहराहून मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या लोस आल्गोदोनेस गावातल्या या दवाखान्यात यायचे. “ओफेलियाबाई, दिवसभर रस्त्यावर उभ्या राहून काय ओरडता हो तुम्ही?”

ओफेलिया ओशाळली. सरहद्दीचं फाटक ओलांडून अमेरिकेतून स्वस्तात दात करून घ्यायला येणाऱ्यांना हाका मारून दवाखान्यात आणायचं, हेच तिचं काम. ‘एका बैठकीत रूट कॅनल, दुपारी घरी!’ ही हाळी तिचीच.

“ते गिऱ्हाइकांसाठी. आत खुर्चीत बसलीय ती माझी यारेली.”

डॉक्टरांनी आत खुर्चीकडे पाहिलं. “दाढ एकाच बैठकीत होण्यासारखी आहे. उगाच दोनदा सुई टोचू पोरीला?”

ओफेलियानं दार लोटून घेतलं.

ओफेलियाला पलीकडून, अमेरिकेतून परत धाडलं, त्याला सहा वर्षं झाली. फाटक तिच्यासाठी बंद होतं, मुलीसाठी उघडं. पण पलीकडेच राहिलेल्या यारेलीला दोन वर्षांत यायला जमलं नव्हतं. फोनवर दर वेळी, “सुट्टी मिळाली की येते गं.” शेवटी तिला आणलं ते किडक्या दाढेनं. ओफेलियाला त्या दाढेचा राग येत होता, आणि तिला ओवाळावं असंही वाटत होतं.

तासाभरानं यारेली हनुवटीला रुमाल लावून बाहेर आली. “झालं. शंपलं एकदाचं,” ती बोबडं बोलली आणि रस्त्याच्या टोकाकडे पाहू लागली. “फाटकावरची रांग वाढायच्या आत निघते.”

“बस आधी. बधिरपणा उतरेपर्यंत जेवायचं नाही, नाहीतर ओठ चावशील. आणि उपाशीपोटी रांगेत उभं राहायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.”

यातलं पहिलं डॉक्टरांनी खरंच सांगितलं होतं.

दोघी दवाखान्यासमोरच्या बाकावर बसल्या. मांडीवर कोंबडीच्या रश्श्याचा डबा होता. ओफेलियानं तो पहाटे उठून केला होता. बोलायचं खूप होतं, पण बोलणं झालं ते गाडीच्या टायरचं, शेजारणीच्या कुत्र्याचं. मध्येच यारेली म्हणाली, “केस पांढरे झाले की गं तुझे. फोनवर दिशत नाहीत.”

“फोनवर मी टोपी घालते,” ओफेलिया म्हणाली.

बाकावरची सावली सरकून त्यांच्या पायांवर ऊन आलं. तिकडे रांग कोपऱ्यावरून वळली होती. फार अडवून ठेवू नये, असं ओफेलियाच्या मनात आलं. पोरीला उद्या कामावर जायचंय. तिनं डब्याचं झाकण उघडलं.

“बघ गं, उतरला असेल.”

एक माशी घोंघावत आली आणि यारेलीच्या खालच्या ओठावर बसली. बसते न बसते तोच यारेलीनं ती झटकन हाकलली.

दोघींची नजरानजर झाली.

“अजून बधिरच आहे, आई,” यारेली म्हणाली. एकही शब्द बोबडा आला नाही.

ओफेलियानं डब्याचं झाकण परत घट्ट लावलं.