केक कुणालाच नको

"नको, थँक्यू," पहिल्या बाकावरची ईडा गोड हसून म्हणाली.

"मलापण नको. थँक्यू," तिच्या शेजारचा म्हणाला.

अल्बर्टे ट्रे घेऊन पुढे सरकली. शुक्रवारचा शेवटचा तास म्हणजे वर्गाचा तास. धडा नाही, गृहपाठ नाही. आठवड्यातली भांडणं मिटवायची आणि ज्याची पाळी असेल त्याने घरून आणलेला केक सगळ्यांनी मिळून खायचा. आज पाळी अल्बर्टेची. वर खोबरं आणि खरपूस साखरेचा थर, बावीस तुकडे. बाबांनी पहाटे उठून भाजला होता, तुकडे तिने स्वतः कापले होते. वाकडेतिकडे का होईना, पण तिने.

एरवी हीच पोरं कोपऱ्यातल्या तुकड्यासाठी एकमेकांच्या उरावर बसायची. आज एकजात सगळी शहाणी! हात मांडीखाली. नको, थँक्यू. नको, थँक्यू. गिट्टेबाई खिडकीपाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांना काय खटकणार? नम्रपणे नको म्हणणं हा काही गुन्हा नव्हे.

अल्बर्टेचे तळपाय शिवशिवायला लागले. मन थाऱ्यावर ठेवणाऱ्या सकाळच्या गोळीचा असर या वेळेपर्यंत उतरलेला असतो. मग अंगात भिंगरी सुरू होते, आणि कुणी डिवचलं की हातातली वस्तू कधी सुटली ते तिचं तिलाच कळत नाही. सप्टेंबरात खुर्ची, मागच्या महिन्यात कात्री. मंगळवारी मुख्याध्यापिकांनी आईबाबांना बोलावून शांतपणे सांगितलं होतं, आता आणखी एकदा काही फेकलं तर अशा मुलांसाठीची वेगळी शाळा. त्या शाळेच्या मुलांना न्यायला रोज घरी टॅक्सी येते. हे वर्गात कसं पसरलं देव जाणे.

"अल्बर्टे, खाली टॅक्सी हॉर्न मारतेय गं," मागून कुणीतरी कुजबुजलं. बाकाबाकांवर खसखस पिकली.

फेक, हात म्हणत होते, एकदाचा फेक आणि मोकळी हो! तिने दात आवळले. वीस जणांपुढे ट्रे धरून झाला होता आणि एक तुकडा हलला नव्हता. एवढी नकोशी झालोय मी? सगळ्यांनाच? तिला रडू यायला लागलं. आणि रडू आलं की तिला राग येतो, तेच तर वाईट.

शेवटच्या बाकावर माल्टे होता. टॅक्सीवरून चिडवायची टूम त्याचीच. खरं तर सकाळी शाळेच्या ऑफिसात तिच्यामागे तोही रांगेत असतो, तीच गोळी गिळायला. आत्ताही त्याचा गुडघा बाकाखाली टकटक टकटक आपटत होता.

"घे," ती म्हणाली. आवाज चिरकला. ट्रे तिने पार छातीपर्यंत उचलला होता. हा नको म्हणाला की ह्याच्याच तोंडावर. मग येऊ दे खुशाल टॅक्सी.

माल्टेने तिच्याकडे पाहिलंच नाही. त्याने खोबऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या क्षणी कोपऱ्यातला मोठा तुकडा त्याच्या तोंडात होता आणि आणखी एक हातात.

सगळा वर्ग मागे वळला. गिट्टेबाईंनी लिहायचं थांबवून मान वर केली. सगळे आपल्याकडेच का बघतायत हे माल्टेला कळेना. तो चावत राहिला. मग एकदम त्याचे डोळे मोठे झाले. गाल फुगलेले, हनुवटीला साखर, आणि मनात आलेलं तोंडात थांबेल तर तो माल्टे कसला!

"अरेच्चा!" तो ओरडला. "कुणीच खायचं नाही, म्हणजे ही ट्रे फेकेल, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं ना!"