दोन इंच

टपावर कर्रकन आवाज झाला आणि त्याने ब्रेक दाबला. बेसमेंटमधून वर यायच्या चढावर, पिवळे-काळे पट्टे मारलेल्या बीमखाली जीप अडकली होती. तोंड उजेडात, बूड अंधारात.

"मागे घ्या, मागे घ्या!" मिस्त्री ओरडला. नवं काम रात्रभर उभं राहिलं की नट एकदा परत आवळावे लागतात, म्हणून तो सकाळी सातलाच आला होता. "साहेब, उंची मोजली होती ना?"

"तीनदा."

खोटं नव्हतं. गेले आठ महिने त्याने दुसरं केलं काय होतं? त्याला हवी होती जीपला चार इंच जादा उंची आणि चिखल उकरणारे दातेरी टायर. पण गाडी पडली रोजची. आई म्हणाली, "चार इंच? मग मला चढायला शिडी पण घे." तिला आठवड्यातून तीनदा गुडघ्यांच्या व्यायामाला न्यावं लागे. बायको म्हणाली, "त्या टायरांची घरघर रोज ऑफिसपर्यंत ऐकू? रात्री तू घोरतोस तेवढं पुरे आहे." मुलीने कानात हेडफोन घातले. मग सगळ्यांच्या मनासारखं ठरलं. दोन इंच, आणि टायर थोडे डांबराचे, थोडे मातीचे. रोजची गाडी गॅरेजात टाकून चालणार नव्हतं, म्हणून मिस्त्रीने काल खाली बेसमेंटमध्येच नव्या स्प्रिंगा चढवल्या.

हे दोन दिवस मात्र त्याचे एकट्याचे होते. चौदा वर्षांत पहिले. मागच्या सीटवर एक पिशवी, एक तंबू आणि एका माणसापुरता स्टोव्ह.

"मोजली कधी?" मिस्त्रीने विचारलं.

"गुरुवारी. आत येताना. इथेच थांबवून पट्टी लावली. चांगली तीन इंच जागा होती वर."

"आणि गाडीत कोण होतं?"

"सगळेच. आईला घेऊन येत होतो, हिला ऑफिसमधून घेतलं, वाटेत क्लासवरून..." बोलता बोलता तो थांबला.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. कपाळावर ग्रीसची बोटं उमटली. "अहो, रिकामी मोजायची असते! माणसं चढली की गाडी दबते. तुम्ही भरल्या घराचं माप घेतलंत."

"ती रिकामी असते कधी?" तो म्हणाला.

 मिस्त्रीने चारही टायरांची हवा सोडायला घेतली. जीप बोटभर खाली आली. अजून बोटभर हवी होती.

"याच्यापुढे हवा सोडली तर नवे टायर चिरतील. आता वजनच पाहिजे. वाळूची पोती, नाहीतर माणसं." मिस्त्री स्वतः मागे चढून बसला. बीम आणि टप यांच्यात पोस्टकार्डसुद्धा गेलं नसतं. तो खाली उतरला. "आमची मंडळी म्हणतातच, तुम्ही असलात काय नि नसलात काय."

त्याने घरी फोन लावला. "जरा खाली येता का?"

"काय विसरलास?" बायकोने विचारलं.

 "सगळेच या," तो म्हणाला.

बायको ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून आली. मुलगी एक डोळा मिटलेलाच ठेवून आली. आई काठी टेकत आली. काय झालं ते मिस्त्रीने सांगितलं, तशी मुलगी पहिल्यांदाच खुदकन हसली आणि हसतच आपल्या जागी जाऊन बसली. त्याच्या मागे, गुडघा त्याच्या पाठीला लावून. तंबू मांडीवर घेऊन बायको तिच्या शेजारी बसली. आईसाठी मिस्त्रीने स्टूल पुढे केलं.

"दोनच इंच म्हणाला होतास," आई दाराला लोंबकळत म्हणाली.

"दोनच आहेत, आई."

"असं? मग माझेच गुडघे खाली आले असतील."

ती धप्पकन पुढच्या सीटवर बसली. जीप दबली, सुस्कारा सोडल्यासारखी. त्याने पहिला गिअर टाकला. डोक्यावरून बीम सरकत गेला. आवाज नाही, काही नाही. सगळे उन्हात आले.

मिस्त्रीने पंप आणून टायर भरले आणि नटांवरून एकेक पान्याचा हात फिरवला. "आता कुठेही घाला, साहेब. नदीत घाला."

"झालं ना?" म्हणत आई उतरली. गाडी किंचित वर आली. मुलगी उतरली, तशी आणखी थोडी. सीटखालून त्याला ते स्पष्ट कळलं. कुणी तरी खांद्यावरचा हात काढून घ्यावा, तसं.

बायको अजून तंबू धरून बसलेली होती.

"तूही उतर ना."

"उतरते." तिने तंबू शेजारी ठेवला, त्याचा सुटलेला बंद बांधला. "उद्या किती वाजता खाली येऊन थांबू आम्ही? तुला आत घ्यायला?"

त्याने आरशात पाहिलं. आई आणि मुलगी त्या बीमखाली उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावर भरपूर जागा होती. आईने काठी हलवून 'नीघ, नीघ' अशी खूण केली.

"सहा," तो म्हणाला. "फार तर सात."

बायको उतरली. गाडी उरलीसुरली वर आली. आता परत फिरायचं म्हटलं असतं, तरी त्याला एकट्याला आत जाता येणार नव्हतं.