दुप्पट

सरकारचा निर्वाहभत्ता सगळ्यांना सारखाच, महिना बारा हजार. मुरलीधर खोचरेच्या खात्यात या महिन्यात चोवीस आले. त्याने थेट पेढेच आणले.

"न मागता सरकार कधी काही देतं का?" त्याची बायको शालन म्हणाली. "काहीतरी काळंबेरं आहे. मी आधी फोन करून विचारते."

मुरलीधर हसत वरच्या मजल्यावर हौसाक्कांकडे गेला.

"कशाचे रे पेढे?" एक उचलत त्यांनी विचारलं.

"भत्ता दुप्पट झाला, अक्का!"

पेढा त्यांच्या हातातच राहिला. "आमच्या ह्यांचाही झाला होता. श्रावणात. आम्हीपण पेढे वाटले. दिवाळीला हे नव्हते."

"योगायोग असेल."

"पलीकडच्या मोमीनमास्तरांचंही तसंच झालं." अक्कांनी त्याच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. भत्ता हवा तर तो घालावाच लागे. "हा रोज तुझं रक्त तपासतो. त्याला काय दिसलं, ते कुणी कधी सांगितलं तुला?"

घेतलेला पेढा कुणी परत देत नाही. अक्कांनी तो पुड्यात परत ठेवला.

खाली शालन दारातच उभी होती. तिचा चेहरा खुलला होता.

"उगाच संशय घेतला बाई मी. चूक नाहीये म्हणाले. माणसाची गरज वाढणार असं पट्ट्याला कळलं, की ते आधीच पैसे पाठवतात. आणि वाढ तहहयात आहे!"

तिने पुड्यातला वरचाच पेढा उचलून त्याच्या तोंडापुढे धरला.

"आ करा."