बोर्न आला

"आला! बोर्न आला! वरच्या कुरणापर्यंत आलाय!"

रूबेन ओरडत घरात शिरला तेव्हा त्याच्या बायकोचे, थिर्झाचे, हात पावाच्या पिठात होते. ते तसेच ॲप्रनला पुसून तिनं फुलांची टोपली उचलली. बोर्न म्हणजे गावचा ओढा; चार वर्षं कोरडाठक्क पडलेला, तो आज जमिनीतून वर आला होता. त्याला सामोरं जायचा मान पॉथेकरींच्या, म्हणजे तिच्या सासरच्या घराचा, आणि सासूबाईंचा पाय तर मोडलेला. म्हणजे आज सगळं थिर्झाच्या गळ्यात.

"आणि मला काय इथं लोळत ठेवणार?" आतून हेस्टर, तिची सासू, कडाडली. "रूबेन, ढकलगाडी काढ! शेणाची असली तरी चालेल मला!"

ढकलगाडीत उशी, उशीवर सासूबाई, आणि मागं गाडी ढकलणारा रूबेन, अशी वरात ओढ्याकडं निघाली. वाटेत थिर्झा एकसारखी नावं पुटपुटत होती. रीत सोपी होती, पण फक्त ऐकायला. कोरड्या पात्रात पाण्याच्या तोंडापुढं उलट्या पावलांनी चालायचं, एकेक फूल टाकायचं आणि त्या फुलाच्या जुन्या नावानं हाक द्यायची. पुस्तकातलं नाव चालत नाही. कुणी मधे सांगायचं नाही. पुलापर्यंत नाव अडलं नाही तर ठीक. अडलं, की टोपली आणि तिच्याबरोबरचा मान दुसऱ्या घरी जातो, तो सहजी परत येत नाही.

काठावर सगळा गाव जमला होता. आबेल स्कॅमेल तर, थिर्झा अडेल या आशेनं, आपली वेगळी टोपली भरूनच आला होता.

"उत्तरेकडची बाई आमच्या बोर्नला हाक मारणार म्हणे!" म्हातारा मोठ्यानं म्हणाला. "नऊ वर्षं झाली हिला इथं येऊन, अजून ओढ्याला माहेरचं 'बेक'च म्हणते. बघू या तर खरं!"

लोक हसले. थिर्झाचे कान तापले. या गावानं तिला एकदा तरी आपलं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते आजच्या इतकं जवळ कधी आलं नव्हतं.

मग पाणी आलं. गवतातून, वाळलेली पानं आणि फेस पुढं ढकलत, अगदी चालत्या माणसाच्या वेगानं. थिर्झा उलटी पावलं टाकू लागली.

"फेब्रुवारीच्या गोऱ्या पोरी!" तिनं पांढरी फुलं टाकली. पाणी त्यांना उचलून पुढं आलं. "दिवसाचा डोळा!" पाणी पुढं. "मेरीचे अश्रू!" टाळ्या पडल्या. आबेलनंही वाजवल्या, सवयीनं. लोक काठाकाठानं पळत होते. हेस्टर ढकलगाडीत उभी राहू बघत होती आणि रूबेन तिला खाली दाबत होता.

पूल हाकेवर आला. टोपलीत हात घातला तर पिवळं फूल. पानं फुटायच्या आधी फुलतं म्हणून गाव त्याला 'बापाआधी लेक' म्हणतो. सकाळपर्यंत थिर्झाला ते पाठ होतं. आता डोक्यात नुसता शुकशुकाट.

हेस्टरला तोंडानं सांगायची बंदी. तिनं रूबेनकडं बोट केलं, मग आभाळाकडं, जिकडं त्याचा बाप गेला होता. रूबेनला वाटलं, आईला ऊन लागतंय. त्यानं आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली. तिनं ती त्याच्या तोंडावर फेकून मारली.

पाणी थिर्झाच्या बुटांना लागलं.

"क्लीट!" ती किंचाळली. "ये रे बेक, ये! क्लीट घे!"

फूल पाण्यात पडलं, आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं. लहानपणी आईनं शिकवलेलं, या फुलाचं माहेरचं नाव.

"संपलं," आबेल म्हणाला आणि आपली टोपली घेऊन तरातरा पात्रात उतरला. "क्लीट म्हणे! आण ती टोपली इकडं."

थिर्झानं टोपली छातीशी धरली. तिला रडू आवरेना.

"टोपलीला हात लावून तर बघ, आबेल!" हेस्टर ढकलगाडीतून गरजली. "मघाशी टाळ्या कशाला वाजवल्यास रे? मेरीचे अश्रू कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? गावाचे. जुनं नाव आहे."

"तुझ्या आईचं आहे! तेव्हा हा मान तुमच्या घराचा होता. ती डॉर्सेटहून नवीन लग्न होऊन आलेली. इथंच नाव विसरली, घाबरली आणि माहेरचं बोलून बसली. लोकांनी तिच्या हातातून टोपली ओढून घेतली आणि पुढं माझी सासू झाली तिला दिली. तू पोटात होतास तिच्या. मी एवढीशी होते, पण या डोळ्यांनी पाहिलंय." तिचा आवाज खाली आला. "टोपली आम्ही घेतली, आणि नाव सगळ्यांनी ठेवून घेतलं."

आबेल तसाच उभा राहिला. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत चढलं. आपल्या आईनं टोपली घालवली हे त्यानं जन्मभर ऐकलं होतं. तिनं काय हाक दिली होती, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

"मेरीचे अश्रू," तो हळूच म्हणाला.

मग त्यानं आपली टोपली उचलली आणि सगळीच्या सगळी फुलं थिर्झाच्या टोपलीत ओतली.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? पाणी निघालं पुलाकडं!" तो ओरडला. "पळ पुढं! आणि मोठ्यानं सांग, माहेराहून आणखी काय काय आणलंयस?"