वाळलेल्या थेंबातला आदिजीव

"प्रोटोझोआ म्हणजे?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

प्राणिशास्त्राची तोंडी परीक्षा मी तिसऱ्यांदा देत होतो. आता नापास झालो तर कॉलेज बंद आणि मामाच्या पोल्ट्रीवर अंडी गोळा करायची, असं घरी ठरलेलं.

"ग्रीक शब्द, सर. प्रोटोस म्हणजे पहिला, झोऑन म्हणजे प्राणी. मराठीत आदिजीव."

"छान. दाखव."

माझ्या घशाला कोरड पडली. स्लाइडही कोरडीच होती. डबक्यातल्या पाण्याचा थेंब माझा नंबर येईपर्यंत वाळला होता. सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"अरे वा! काय लांब केस आहेत याला! आणि हलतोय कसा!"

सर स्वतःच्याच पापणीचे केस बघत होते. हे त्यांना सांगायची माझी छाती होईना.

"काढ आकृती."

सरांच्या डोळ्याकडे चोरून बघत मी एकेक केस काढला. एक पांढरा होता. त्याला बाण करून तसं लिहिलंही.

सरांनी आकृती बघितली, पुन्हा मायक्रोस्कोपमध्ये बघितलं.

"हुबेहूब! पास. पण हा पांढरा केस माझ्या नजरेतून सुटला कसा?"