स्पीकरवाल्याचे कान

"आता मागे उभ्या राहून बोला," कानाचं मशीन बसवणारी मॅडम कोमलला म्हणाली. "नेहमीच्या आवाजात. त्यांना तोंड दिसायला नको."

कोमल बापाच्या खुर्चीमागे गेली. पनवेलच्या त्या दवाखान्यातली खोली इतकी शांत होती, की आनंदाला तिथे बसवत नव्हतं. उरणपासून कळंबोलीपर्यंत हळद कुणाचीही असो, साऊंड आनंदाचा. भिंतीएवढे स्पीकर लावायचे आणि स्वतः त्यांना टेकून उभं राहायचं. हाताखालची माणसं कानात कापूस घालायची; हा हसायचा. हलवायानंच आपला पेढा थुंकला तर गिऱ्हाईक खाईल का, असा त्याचा हिशेब. कोमलनं पहिल्या पगारातून आवाज अडवणारे, हेडफोनसारखे दिसणारे कानाचे पॅड आणले. ते त्यानं टेम्पोच्या आरशाला लटकवले. शोभा म्हणून.

कान गेले. पण धंदाच आवाजाचा, चारचौघांत "काय?" म्हणून विचारणं परवडणारं नव्हतं. त्यावर त्यानं स्वस्तातला तोडगा काढला. कुणी काहीही बोललं, की मान डोलवायची आणि म्हणायचं, "बरं." या एका शब्दावर रंभाला, म्हणजे त्याच्या बायकोला, नवा फ्रिज मिळाला, माहेरी मनसोक्त राहायला मिळालं, मासळीच्या टोपल्यांसाठी दारात पत्र्याची शेड मिळाली. कोळीवाड्यातल्या बायका जळायच्या. असा ऐकणारा नवरा कुणाला मिळतो?

रंभा गेल्या साली कॅन्सरनं गेली. तेव्हापासून भेटेल त्याला आनंदाचं एकच सांगणं. बायकोनं आजार लपवला, नवऱ्याला परकं मानलं. दहाव्याला तो हेच बोलला, वर्षश्राद्धालाही हेच. दोन्ही वेळा कोमल उठून आत गेली.

"बाबा," कोमल आता म्हणाली.

आनंदा दचकला. मग हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "तुजा आवाज तं आयशीसारखाच हाय गं," तो म्हणाला. "तिनं येकदा तरी सांगाया पायजे व्हतं. मी कवा तिला नाय म्हनलो?"

कोमलनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"सांगितलं व्हतं, बाबा. तू टेम्पोत स्पीकर चढवत व्हतास, ती तुज्या मागं उभी व्हती. हे तिनंच मला मागनं हॉस्पिटलात सांगितलं. गाठ निघालीय, डॉक्टरांनी लगेच मुंबईला जा म्हनलंय, पन तुमचा सीझन हाय, लग्नं उरकली का जाऊ, चालंल ना? असं तिनं तुला इचारलं."

मॅडम टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागली. बाहेरून एक रिक्षा गेली. ती आनंदाला स्पष्ट ऐकू आली.

"मंग?" त्यानं समोर बघतच विचारलं. "मी काय बोललो?"

कोमलनं आवाज चढवला नाही. आता त्याची गरज नव्हती.

"बरं."