नापास पीच

"झाड दणकट, रोगाला दाद देत नाही. फळही मधासारखं गोड. पण साल फारच नाजूक, बाजारात पोचेपर्यंत लगदा होईल," झाडाखाली उभं राहून समितीचे अध्यक्ष सबनीससर म्हणाले आणि त्यांनी पीचचा तो नवा वाण नापास केला.

कुमुदताईंचा चेहरा उतरला. डोंगरावरच्या या संशोधन केंद्रात त्यांनी स्वतः संकर करून हे झाड वाढवलं होतं. नापास झाड तोडून नव्या रोपांना जागा करायची, हा तिथला नियमच होता.

"निर्णय बरोबर आहे, सर," त्या कशाबशा म्हणाल्या.

समितीचे बाकीचे दोघे गाडीत जाऊन बसले. सबनीससर मात्र रेंगाळले. त्यांनी आणखी एक फळ तोडून खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला, तरी त्यांना भान नव्हतं.

"बाई, नियम बाजारासाठी," ते ओशाळून म्हणाले. "माझ्या अंगणातून तोंडापर्यंत यायला फळाला कुठे लांबचा प्रवास आहे? एखादं कलम मिळेल?"

"आम्हालाही!" गाडीतले दोघे खाली उतरत ओरडले.

कुमुदताई हसत कात्री आणायला धावल्या.